अंगठ्याचे मन ओळखणारा अभियंता

सत्तरचे दशक सरत आले होते. जपानच्या वेगवान शिंकान्सेन रेल्वेत एक नोकरदार गृहस्थ प्रवासाचा कंटाळा घालवण्यासाठी कॅल्क्युलेटर हातात घेऊन त्याची बटणे उगाचच दाबत बसले होते. हिशेब कसलाच नव्हता. मन कुठेतरी गुंतवायचे, एवढाच हेतू. त्याच डब्यातून प्रवास करणाऱ्या एका अभियंत्याची नजर मात्र त्या बोटांवर खिळली. मोठ्या माणसालाही खेळायचे असते, पण खेळताना कुणी पाहू नये असे त्याला वाटते, हे त्या अभियंत्याने ओळखले. मांडीवर जोडून ठेवलेल्या दोन हातांच्या आड मावेल आणि केवळ अंगठ्यांनी खेळता येईल, असे एखादे यंत्र करता आले तर? या एका विचारातून पुढे खिशातल्या खेळांचे अवघे युग उभे राहिले. त्या अभियंत्याचे नाव गुनपेई योकोई.

निन्टेन्डो कंपनीचा ‘स्विच’ हा गेम कन्सोल ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आला. घरी तो टीव्हीला जोडायचा आणि बाहेर जाताना हातात घेऊन निघायचे, असे त्याचे दुहेरी रूप होते. परंतु लोकांच्या खऱ्या कौतुकाचा विषय ठरले ते त्याच्या दोन्ही कडांना बसणारे ‘जॉय-कॉन’ नावाचे सुटे कंट्रोलर. पडद्याला जोडा, काढून दोन हातांत वेगवेगळे धरा किंवा त्यातला एक शेजारच्या मित्राच्या हाती द्या. हा कन्सोल पुढे पंधरा कोटींहून अधिक विकला गेला. योकोई यांना तो पाहता आला नाही. त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधीच एका रस्ते अपघातात त्यांचा अंत झाला होता. तरीही त्या सुट्या कंट्रोलरच्या घडणीत त्यांच्या आयुष्यभराच्या विचाराचा माग लागतो.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योतो येथे झाला. तेथीलच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९६५ मध्ये ते निन्टेन्डोत रुजू झाले. त्या काळी ही कंपनी प्रामुख्याने पत्ते छापत असे. फुलांची चित्रे असलेले ‘हानाफुदा’ हे पारंपरिक पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे, हे योकोई यांचे काम. विद्युत अभियंत्याच्या दृष्टीने त्यात फारसे आव्हान नव्हते आणि रिकामा वेळ भरपूर होता. त्या वेळात कंपनीच्याच यंत्रांवर त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक खेळणे बनवले. कात्रीसारख्या एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्यांचा एक लांबणारा हात. मुठी जवळ आणल्या की तो झपकन पुढे जाई आणि समोरची वस्तू पकडी.

कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी नेमके ते पाहिले आणि योकोई यांना बोलावून घेतले. आता कानउघाडणी होणार, या भीतीने ते अध्यक्षांच्या दालनात गेले. ते बाहेर पडले तेव्हा हेच खेळणे विक्रीसाठी तयार करण्याचा आदेश त्यांच्या हाती होता. ‘अल्ट्रा हँड’ या नावाने १९६६ मध्ये आलेले ते खेळणे दहा लाखांहून अधिक विकले गेले. देखभाल विभागातील तरुण खेळणी घडवणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला आणि पत्त्यांच्या कंपनीला नवी वाट सापडली.

पुढची काही वर्षे म्हणजे योकोई यांच्या कल्पकतेचा बहर होता. १९६९ चा ‘लव्ह टेस्टर’ हे त्याचे उत्तम उदाहरण. एका मुलाने आणि एका मुलीने या यंत्राचा एकेक दांडा धरायचा आणि मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. मग तबकडीवरचा काटा त्यांच्यातील प्रेमाचे माप दाखवी. आत होते काय? शरीरातून वाहणारा अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह मोजणारे साधे मापक. शाळेच्या प्रयोगशाळेत धूळ खात पडलेले असते, तसे. परंतु तरुण-तरुणींना एकमेकांचा हात धरण्यासाठी निमित्त हवे असते, हे योकोई यांना ठाऊक होते. ते निमित्त त्यांनी डबीत घालून विकले.

याच सुमारास सौरघट वापरून त्यांनी प्रकाशाच्या बंदुकीचा खेळ तयार केला. बंदुकीतून निघालेला प्रकाश लक्ष्यावरच्या सौरघटावर पडला की नेम लागल्याचे कळे. हे घट विकण्यासाठी शार्प कंपनीतून येणारे अभियंते मासायुकी उएमुरा पुढे निन्टेन्डोतच दाखल झाले. १९७२ मध्ये योकोई यांनी दूरनियंत्रित मोटारीचे खेळणे आणले. तेव्हा अशा मोटारी सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होत्या. योकोई यांनी त्यातील नियंत्रणाचा बहुतेक पसारा काढून टाकला आणि केवळ डावीकडेच वळणारी मोटार बनवली. शर्यतीचा मार्ग गोलाकार असेल तर उजवीकडे वळण्याची गरजच काय? किंमत एकदम उतरली आणि मुलांना शर्यतीची मजा मिळाली.

या साऱ्या प्रयोगांमागे एक विचारसूत्र होते आणि ते त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. अगदी ताज्या, महागड्या तंत्रज्ञानाच्या मागे धावू नये. जे मुरलेले आहे, ज्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक आहेत आणि जे स्वस्त झाले आहे, अशा तंत्रज्ञानाकडे आडव्या नजरेने पाहावे व त्याचा कुणाच्या ध्यानीमनी नसलेला उपयोग शोधावा, असे ते मानत. ही काटकसर कारखान्याच्या हिशेबापुरती नव्हती. यंत्राच्या सामर्थ्याने दिपून जाण्यासाठी माणूस खेळत नाही, तो खेळतो ते मजेसाठी. म्हणून आधी माणूस पाहावा आणि मग यंत्र, असा त्याचा खरा अर्थ होता.

रेल्वेतल्या त्या गृहस्थांचे यंत्र १९८० मध्ये प्रत्यक्षात आले. एकदा अध्यक्षांची मोटार चालवण्याची पाळी योकोई यांच्यावर आली आणि त्या प्रवासात त्यांनी ही कल्पना यामाउचींच्या कानावर घातली, असे सांगतात. कॅल्क्युलेटरच्या निर्मितीत शार्प कंपनी आघाडीवर होती. तिच्याच साह्याने, कॅल्क्युलेटरमधील द्रवस्फटिकाचा पडदा वापरून ‘गेम अँड वॉच’ तयार झाले. एका यंत्रात एकच खेळ आणि सोबत घड्याळ. आडवे, चपटे यंत्र. मध्ये पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणे. दोन हातांनी सहज धरले की अंगठे आपोआप बटणांवर यावेत, अशी रचना. ही यंत्रे जगभरात चार कोटींहून अधिक विकली गेली. पडदा मध्ये आणि हात दोन बाजूंना ही मांडणी इतकी स्वाभाविक ठरली की पुढच्या कित्येक खिसायंत्रांनी आणि अखेर ‘स्विच’नेही तीच स्वीकारली.

योकोई यांच्या नावावरची सर्वांत मोठी देणगी मात्र त्यानंतरची. १९८१ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली शिगेरु मियामोतो या तरुण कलाकाराने ‘डाँकी काँग’ हा खेळ तयार केला. खेळघरांतील मोठ्या यंत्रांवर तो तुफान चालला. तो आता घडीच्या, खिशात मावणाऱ्या ‘गेम अँड वॉच’वर आणायचा होता. अडचण होती ती दांड्याची. मोठ्या यंत्रावर खेळातल्या नायकाला चारही दिशांना फिरवण्यासाठी उभा दांडा असे. चपट्या यंत्रावर दांडा बसवला तर घडी मिटणार कशी? आणि खिशात तो मोडणार नाही कशावरून? चार दिशांना चार वेगळी बटणे दिली, तर कोणते कुठे आहे हे पाहण्यासाठी खेळणाऱ्याला पडद्यावरून नजर काढावी लागणार.

१९८२ मध्ये योकोई यांनी जे उत्तर दिले ते आज इतके परिचयाचे आहे की तो कधीकाळी शोध होता, हेच आपण विसरलो आहोत. अधिकच्या चिन्हाच्या आकाराचे एकसंध बटण. मध्यभागी आधार. एक टोक दाबले की समोरचे टोक किंचित उचलले जाते. त्यामुळे आपण कोणत्या दिशेला दाबतो आहोत हे अंगठ्याला न पाहता समजते. अंगठा मध्यावर टेकवून ठेवला की किंचित झुकवण्यानेच दिशा बदलते. उचलून दुसरीकडे नेण्याची गरज नाही. काही तास खेळून पाहिलेल्यालाच या सोयीचे मोल कळेल.

१९८३ मध्ये उएमुरा यांच्या विभागाने निन्टेन्डोचा ‘फॅमिकॉम’ हा घरगुती कन्सोल घडवला, तेव्हा हीच चौफुली त्याच्या कंट्रोलरवर आली. त्या कन्सोलची ठेवणही पाहण्यासारखी होती. दोन कंट्रोलर यंत्राच्या दोन्ही कडांच्या खाचांमध्ये उभे ठेवलेले असत. खेळायचे तेव्हा काढायचे, एक आपण घ्यायचा आणि दुसरा भावंडाला द्यायचा. त्यांच्या तारा यंत्रातच पक्क्या बसवलेल्या होत्या एवढाच फरक. अन्यथा चौतीस वर्षांनंतरच्या ‘जॉय-कॉन’चे हे पूर्वरूपच म्हणावे लागेल. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडून, कॅसेट बदलून जे खेळ खेळले गेले, ते बहुतांशी याच ‘फॅमिकॉम’च्या नकला होत्या. सुट्टीत मारिओला उड्या मारायला लावणाऱ्या त्या पिढीच्या डाव्या अंगठ्याला योकोई यांचे बटण ठाऊक होते, योकोई हे नाव मात्र नव्हते.

‘गेम बॉय’ने योकोई यांचा विचार कसोटीला लावला. एप्रिल १९८९ मध्ये तो जपानमध्ये आला, तेव्हा रंगीत पडद्याचे तंत्रज्ञान उपलब्ध होते. त्याच वर्षी अटारी कंपनीने रंगीत ‘लिंक्स’ बाजारात आणला आणि १९९० मध्ये सेगाचा रंगीत ‘गेम गिअर’ आला. योकोई यांनी निवडला होता तो हिरवट झाक असलेला एकरंगी पडदा, ज्याच्यामागे दिवाही नव्हता. त्यांच्याच विभागातील काही अभियंत्यांना याहून सरस यंत्र हवे होते. परंतु योकोई यांचा हिशेब सरळ होता. रंग आणि दिवा आला की बॅटरी संपणार, वजन वाढणार, किंमत चढणार. ‘गेम गिअर’ सहा पेन्सिल सेल काही तासांतच फस्त करी. ‘गेम बॉय’ चार सेलवर दहा तासांहून कितीतरी अधिक चाले. प्रवासात मध्येच बंद पडणारा रंगीत खेळ बरा की शेवटच्या स्थानकापर्यंत साथ देणारा फिका? ग्राहकांनी आपला कौल दिला. ‘गेम बॉय’ आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. एका तारेने दोन ‘गेम बॉय’ जोडून दोघांना खेळता येई, हेही त्याच्या यशाचे एक कारण. ‘लव्ह टेस्टर’ घडवणाऱ्या माणसाने दुसऱ्या खेळाडूसाठी जागा ठेवली नसती, तरच नवल.

अशा माणसाच्या वाट्याला आलेले अपयश म्हणूनच चटका लावून जाते. एका अमेरिकी कंपनीने विकसित केलेले लाल प्रकाशबिंदूंचे तंत्रज्ञान योकोई यांना भावले. त्यातून खोलीचा आभास निर्माण करणारा ‘व्हर्च्युअल बॉय’ १९९५ मध्ये आला. टेबलावर तिवईसारख्या पायांवर उभे केलेले यंत्र, त्यात तोंड खुपसून वाकून बसायचे आणि काळ्या पार्श्वभूमीवर लाल चित्रे पाहायची. मान अवघडे, डोळे शिणत. शेजारी बसलेल्याला काही दिसत नसे. तंत्रज्ञान स्वस्त होते, त्याचा वापरही आगळा होता. पण आयुष्यभर ज्या माणसाने यंत्राला माणसाच्या सोयीने वाकवले, त्याच्या या यंत्राने माणसालाच वाकायला लावले. जेमतेम पावणेआठ लाख यंत्रे खपली आणि वर्षभराच्या आतच निन्टेन्डोने त्याचे उत्पादन गुंडाळले.

त्या फसलेल्या यंत्रातही एक गोष्ट मात्र उत्तम होती, ती म्हणजे त्याचा कंट्रोलर. दोन्ही हातांत भरून येतील अशा दोन मुठी आणि डाव्या-उजव्या अशा दोन्ही अंगठ्यांसाठी एकेक चौफुली. डावा-उजवा असा दुजाभावच त्यात नव्हता. शरीर अवघडलेले असले, तरी हात सुखात होते.

१५ ऑगस्ट १९९६ रोजी, एकतीस वर्षांच्या सेवेनंतर, योकोई यांनी निन्टेन्डो सोडली. ‘व्हर्च्युअल बॉय’च्या अपयशाने त्यांना जावे लागले, असा समज सर्वत्र पसरला. त्यांनी स्वतः तो नाकारला होता. स्वतंत्र काम करण्याचा त्यांचा विचार जुनाच होता. तरीही निरोपाची वेळ अशी असावी, हे त्यांच्या चाहत्यांना सलत राहिले. क्योतोमध्येच त्यांनी ‘कोतो’ ही छोटी संस्था स्थापन केली आणि बांदाई कंपनीसाठी नव्या खिसायंत्राच्या कामाला हात घातला.

या ‘वंडरस्वान’ यंत्रात योकोई पुन्हा आपल्या मूळ प्रश्नाकडे वळलेले दिसतात. एका पेन्सिल सेलवर तीस तासांच्या आसपास चालणारे हे स्वस्त, हलके यंत्र आडवे धरून खेळता येई, तसेच उभे धरूनही. त्यासाठी डाव्या बाजूला चार-चार बटणांचे दोन संच होते. यंत्र फिरवले की त्यांची भूमिका बदले. आडव्या स्थितीत एक संच दिशा दाखवी. उभ्या स्थितीत एका हाताला एक आणि दुसऱ्या हाताला दुसरा संच येई. एकदा शिकलेली पकड कायमची, हा दंडकच त्यांनी मोडला. खेळ बदलला की पकड बदलावी आणि यंत्राने ते मुकाट्याने मान्य करावे.

ते यंत्र बाजारात आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील होकुरिकु द्रुतगती मार्गावर ते प्रवास करीत असलेली मोटार पुढच्या ट्रकवर आदळली. काय झाले हे पाहण्यासाठी ते खाली उतरले आणि तेवढ्यात दुसऱ्या वाहनाची धडक त्यांना बसली. अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी हा प्रवास थांबला. मार्च १९९९ मध्ये ‘वंडरस्वान’ विक्रीला आले. त्याच्यासोबतच्या एका कोड्याच्या खेळाला योकोई यांच्या स्मरणार्थ ‘गुनपेई’ हे नाव देण्यात आले होते. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय गेम निर्मात्यांच्या संघटनेने त्यांचा मरणोत्तर जीवनगौरव केला.

आता पुन्हा ‘स्विच’कडे वळू. २०१७ मध्ये तो आला, तेव्हा त्यातील एन्व्हिडियाचा प्रोसेसर दोन वर्षे जुना होता. प्रतिस्पर्धी कन्सोलच्या तुलनेत त्याची ताकद कमी होती. योकोई यांच्या शिकवणीतला पहिला भाग तिथे दिसतो. दुसरा भाग दिसतो तो ‘जॉय-कॉन’मध्ये. जेमतेम पन्नास ग्रॅम वजनाचा एकेक कंट्रोलर पडद्याच्या कडेवरून सरकवून काढला की दोन्ही हात मोकळे होतात. एरवी कंट्रोलर धरायचा म्हणजे दोन्ही मनगटे छातीसमोर एकत्र आणावी लागतात. येथे एक हात खुर्चीच्या हातावर, दुसरा मांडीवर, अशा निवांत स्थितीत तासभर खेळता येते. खांदे आखडत नाहीत. पारंपरिक पकड हवी असेल तर दोन्ही कंट्रोलर एका मुठीच्या साच्यात बसवता येतात. हाताच्या हालचालीही त्यांना कळतात, त्यामुळे ते कधी टेनिसची रॅकेट होतात, कधी मोटारीचे चाक.

सर्वांत बोलकी आहे ती एका त्यागाची गोष्ट. डाव्या ‘जॉय-कॉन’वर योकोई यांची चौफुली नाही. त्याजागी चार सुटी गोल बटणे आहेत. निन्टेन्डोने आपल्याच कीर्तीचे चिन्ह का काढून टाकले? कारण हा कंट्रोलर आडवा करून दुसऱ्याच्या हाती दिला की हीच चार बटणे त्याच्या उजव्या अंगठ्याखाली येतात आणि उडी मारणे, वस्तू उचलणे अशी चार वेगवेगळी कामे करतात. एकसंध चौफुलीला ते जमले नसते. म्हणजे एका यंत्राच्या पोटातून दोघांसाठी दोन पूर्ण कंट्रोलर निघावेत, यासाठी योकोईंच्या शोधाला योकोईंच्याच विचाराने बाजूला केले. २०१९ च्या ‘स्विच लाइट’ या धाकट्या आवृत्तीत कंट्रोलर सुटे होत नाहीत. तेथे वाटून घ्यायचे नसल्याने चौफुली मुकाट्याने आपल्या जागी परत आली.

‘जॉय-कॉन’ निर्दोष आहे, असे कुणी म्हणणार नाही. आडवा धरला की मोठ्या माणसाच्या पंजाला तो चिमुकला वाटतो आणि बोटे अवघडतात. त्याची छोटी दांडी झिजून, हात न लावताही खेळातील पात्र आपोआप सरकू लागते, या तक्रारींनी तर जगभर गदारोळ झाला आणि जून २०२० मध्ये निन्टेन्डोच्या अध्यक्षांना भागधारकांसमोर दिलगिरी व्यक्त करावी लागली. मुरलेले तंत्रज्ञान निवडायचे तर त्याचे दोषही ठाऊक असायला हवेत, ही योकोईंच्या सूत्राची दुसरी बाजू येथे विसरली गेली, असे म्हणावे लागते. चार दशकांपूर्वीच्या चौफुल्या अनेक घरांतील माळ्यांवर आजही शाबूत आहेत.

२०२४ मध्ये क्योतोजवळच्या उजी येथे निन्टेन्डोचे संग्रहालय सुरू झाले. तेथे ‘अल्ट्रा हँड’ आणि ‘लव्ह टेस्टर’ यांची नवी रूपे प्रेक्षकांना हाताळता येतात. जून २०२५ मध्ये ‘स्विच २’ आला. त्याचे सुटे कंट्रोलर चुंबकाने चिकटतात. तंत्र बदलले, गरज बदललेली नाही. पत्त्यांच्या कारखान्यात वेळ जात नाही म्हणून लाकडी पट्ट्या जोडणाऱ्या तरुणाने जे ओळखले, ते एवढेच होते की माणसाच्या हाताला काहीतरी धरायला हवे असते आणि जमल्यास ते कुणाबरोबर तरी. एक ‘जॉय-कॉन’ सुटा करून शेजारच्याला देताना मधले अंतर जेवढे कमी होते, तेवढे योकोई अजून आपल्यात आहेत.